नॉन खाता का?

सोसायटीच्या स्नेहसंमेलनाआधी एक गृहस्थ हातात वही घेऊन दारोदार फिरत होते. बेल वाजवायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचं, "नॉन खाता का?" दर घरातून चोख उत्तर येत होतं. "मी खातो, ही नाही खात." "आम्ही नॉन सोडलं." "संमेलन शनिवारी ना? मग नॉन नको." एका आजींनी तर, "नॉन घरचंच बरं," असा अभिप्रायही दिला. पण नॉन म्हणजे नॉन काय, असं एकानंही विचारलं नाही.

'नॉन' हा इंग्रजीतला निव्वळ उपसर्ग. दुसऱ्या शब्दाच्या डोक्यावर बसून 'नाही, नाही' म्हणायचं एवढंच त्याचं काम. आपण त्याच्याखालचा 'व्हेज' अलगद काढून घेतला आणि उरलेल्या 'नाही'लाच वाटण लावून ताटात वाढून घेतलं. खरं तर अख्खा 'नॉनव्हेज' हाच मुळात अजब शब्द आहे. इंग्लंडात मांस न खाणाऱ्यांना नाव लागलं, कारण ते मूठभर होते; १८४७ साली रॅम्सगेट गावात जमून त्यांनी आपली व्हेजिटेरियन सोसायटी काढली. खाणाऱ्यांना वेगळं नाव द्यावं असं तिथे कुणाला वाटलं नाही. ते आपले नुसतेच जेवत होते. आपल्याकडे हिशेब उलटा. त्यामुळे तांबडा रस्सा, सुरमईची तुकडी आणि खिमा-पाव या सगळ्यांची सरकारी ओळख 'भाजी नसलेले पदार्थ' अशी झाली. कोल्हापूरकर या भानगडीत पडत नाही, तो थेट 'मटण' म्हणतो. बाकीच्यांनी मात्र चावट विनोदालाही 'नॉनव्हेज जोक' म्हणायला सुरुवात केली, ज्यात कोणी काही खातही नाही.

शाळेत आपल्याला शब्दाची रचना फार शिस्तीत शिकवली होती. मधे धातू, पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय. धातू म्हणजे घरमालक. उपसर्ग आणि प्रत्यय हे पुढच्या नि मागच्या खोलीतले भाडेकरू. मालकाच्या नावावर घर चालायचं, भाडेकरूंनी मालकाला थोडा अर्थ जोडून द्यायचा आणि गुपचूप राहायचं. इंग्रजीची सगळी पुस्तकं अजून हेच सांगतात. पण मुंबईत पागडीच्या खोलीत राहिलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, भाडेकरू गुपचूप राहत असतो का?

माझा भाचा स्पर्धापरीक्षांना बसतो. म्हणजे सध्या तो फक्त बसतोच. त्यानं अप्पा बळवंत चौकातून नॉर्मन लुईस यांचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' आणलं. १९४९ सालचं हे पुस्तक अमेरिकेत आज कुणाच्या घरात असेल ते असो, आपल्याकडे मात्र ते फुटपाथवर, ग्रंथालयात आणि होस्टेलच्या उशाखाली हमखास सापडतं. "मामा, शब्द पाठ करायचे नसतात, फोडायचे असतात," भाच्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तो नारळवाल्याच्या उत्साहानं कामाला लागला.

आता 'स्पेक्ट' घ्या, म्हणाला. स्पेक्ट म्हणजे पाहणं. आत डोकावून पाहतो तो इन्स्पेक्टर. मागे वळून पुन्हा पाहावंसं वाटतं तो रिस्पेक्ट. भुवयांच्या आडून, खालून वर पाहणं म्हणजे सस्पेक्ट. नुसताच पाहत उभा राहतो तो स्पेक्टेटर. आणि पुढचं पाहणं म्हणजे प्रॉस्पेक्ट, ज्याच्यावरून कॉलेजं प्रॉस्पेक्टस छापतात, पैसे घेऊन विकतात आणि ज्यात पुढचं काहीही दिसत नाही. हे शेवटचं पुस्तकात नव्हतं, भाच्याचं स्वतःचं होतं. मला मुलाबद्दल आशा वाटू लागली.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. 'हृ' या एका धातूला आपल्या पूर्वजांनी असाच दावणीला बांधला होता. आ लावला की आहार, वि लावला की विहार, प्र लावला की प्रहार, सम् लावला की संहार आणि परि लावला की परिहार. माणसं जेवली, शतपावलीला निघाली, बोलता बोलता हातघाईवर आली, एकजण गेला आणि मग उरलेल्यानं दिलगिरी व्यक्त केली. एवढं मोठं कौटुंबिक नाट्य एका धातूत. उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीनं भलतीकडे ओढून नेतो, असं संस्कृत वैयाकरणांनी स्वच्छ सांगून ठेवलंय. ही भाषा पोलीस पंचनाम्याची वाटते, पण प्रकार खरंच तसा आहे.

शब्द फोडून त्यातला धातू बाहेर काढायची ही विद्या युरोपला नीट उमगली ती पाणिनीचं व्याकरण हाती पडल्यावर. कलकत्त्यात १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी भाषण करून सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिघींचं मूळ एक असावं. तेव्हापासून विद्वानांनी वंशावळी जुळवायला घेतल्या त्या अजून संपलेल्या नाहीत. त्यांच्या हिशेबानं लॅटिनचा 'स्पेक्' आणि संस्कृतातला 'स्पश्' हे एकच, आणि या स्पश्-पासूनच आपला 'स्पष्ट' निघाला. म्हणजे इन्स्पेक्टर आणि स्पष्ट हे चुलतभाऊ. त्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं राहिलेलं नाही, हा भाग वेगळा.

तर शब्द फोडायची ही युक्ती छान चालली होती. मग आम्ही आईला गुडघ्यासाठी ऑर्थोपेडिककडे नेलं.

बाहेरच्या बाकावर सगळे पासष्टीच्या पुढचे. प्रत्येकाच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, त्या पाकिटानंच वारा घेणं चाललेलं. कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा, त्याच्या खांद्यावर कुणीतरी छत्री अडकवलेली. भिंतीवर एक चित्र होतं, वाकड्या खोडाचं झाड आणि त्याला दोरीनं करकचून बांधलेला खांब. भाच्यानं 'ऑर्थोपेडिक' ही पाटी वाचली आणि तिथल्या तिथे फोडली. ऑर्थो म्हणजे सरळ. ऑर्थोडॉक्स म्हणजे सरळ मताचा, ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे दात सरळ करणारा. आणि पेड म्हणजे पाय! पेडल, पेडिक्युअर, पेडेस्ट्रियन. "म्हणजे पाय सरळ करणारे डॉक्टर, आजी!" आईला हे पटलं. शेजारच्या बाकावरचे एक काका मात्र अस्वस्थ झाले, कारण त्यांचा खांदा दुखत होता.

गंमत अशी की पाय दाखवणारा 'पेड' लॅटिनचा, आणि ऑर्थोपेडिकमधला 'पेड' ग्रीक. त्याचा अर्थ मूल. पेडियाट्रिशियनमध्ये असतो तोच. इंग्रज लोक या ग्रीक पेडमध्ये एक जास्तीचा 'ए' लिहून फरक दाखवतात. अमेरिकनांनी तो काटकसरीनं काढून टाकला आणि पाय नि पोर एकाच स्पेलिंगमध्ये कोंबले. निकोलस आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १७४१ साली मुलांच्या शरीरातली व्यंगं कशी सुधारावीत यावर पुस्तक लिहिलं, त्यासाठी 'सरळ' आणि 'मूल' जोडून हा शब्द बनवला आणि खांबाला बांधलेलं ते वाकडं झाडही त्याच पुस्तकात छापलं. पुढे मुलं मोठी झाली, म्हातारी झाली, शब्द तोच राहिला. त्यामुळे आमची आई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी 'सरळ मूल' खात्यात नाव नोंदवून बसली होती. साध्या मराठीत याला 'हाडाचा डॉक्टर' म्हणतात, आणि तो शब्द कितीही फोडला तरी आत हाडच निघतं.

पण इथे निदान धातू आपल्या जागी होता, फक्त तो कोणाचा याचा घोटाळा होता. बसची कथा याहून भीषण आहे.

लॅटिनमध्ये 'ऑम्निस' म्हणजे सर्व. 'ऑम्निबस' म्हणजे सर्वांसाठी. फ्रान्समध्ये १८२० च्या दशकात कुणीही चढावं अशा घोडागाड्या सुरू झाल्या, त्यांना हे नाव पडलं. १८२९ साली जॉर्ज शिलिबीर यांनी लंडनमध्ये तीन घोड्यांची ऑम्निबस आणली. इंग्रज माणसाला घाई फार, त्यानं लांब नाव छाटलं. पण कुठून छाटावं? 'सर्व' हा अर्थाचा भाग होता तो टाकला आणि शेवटचा 'बस' ठेवला. हा बस म्हणजे चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. ज्यांनी शाळेत मान डोलावत देवाय, देवाभ्याम्, देवेभ्यः असं घोकलंय त्यांना सांगायला हरकत नाही की लॅटिनचा हा 'बस' आणि आपल्या देवेभ्यः-मधला 'भ्यः' हे सख्खे नातेवाईक आहेत. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली मोटारबस धावली, आणि तेव्हापासून कोट्यवधी मुंबईकर छत्र्या सावरत रांगेत उभे राहून 'भ्यः'ची वाट पाहत आले आहेत. दोन भ्यः एकदम येतात, तिसरा अर्धा तास येत नाही. धातू केव्हाच बेघर झाला, विभक्ती तेवढी डबलडेकरही होऊन गेली.

असा कब्जा इंग्रजीत जागोजाग झालेला दिसतो. हॅम्बर्गर घ्या. जर्मनीतलं हॅम्बुर्ग शहर, तिथला तो हॅम्बर्गर. हा 'अर' म्हणजे आपला सरळसाधा 'कर'. सांगलीकर, सातारकर, तसा हॅम्बुर्गकर. पण इंग्रजी भाषकांना त्यात 'हॅम' म्हणजे डुकराचं मांस दिसलं. ते त्यांनी बाजूला काढलं, उरला बर्गर, आणि मग चीजबर्गर, चिकनबर्गर यांची रांग लागली. समजा एखाद्या परदेशी माणसानं कोल्हापूरकर हा शब्द 'कोल्हा' आणि 'पूरकर' असा फोडला, कोल्हा खायला नको म्हणून काढून टाकला आणि 'पनीरपूरकर', 'बटाटापूरकर' असे पदार्थ विकायला लागला, तर ते जितकं शास्त्रशुद्ध होईल तितकाच व्हेज बर्गर शास्त्रशुद्ध आहे.

हेलिकॉप्टरचंही हेच. खरी फोड 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'टेर' म्हणजे पंख, तोही ग्रीकमध्ये 'प'सकट, 'प्टेर'. टेरोडॅक्टिल नावाच्या प्राचीन उडत्या प्राण्याच्या सुरुवातीला असतो तोच हा पंख. लोकांनी करवत दोन अक्षरं अलीकडे चालवली आणि 'हेली' नि 'कॉप्टर' असे दोन तुकडे पाडले. एकाचं हेलिपॅड झालं, दुसऱ्याचा नवा धंदा. मंत्र्यांचा दौरा असला की गावोगाव मैदानात चुन्यानं गोल आखून ज्याची वाट पाहतात तो शब्दार्थानं एक तुटलेला पंख असतो.

अल्कोहोलमधला 'अल' अरबी. मूळ 'अल्-कुह्ल' म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा; त्याच्या बारीक पुडीवरून अर्थ घसरत घसरत अर्कावर आला. अल्कोहोलिकवरून अमेरिकनांनी 'अहोलिक' एवढं शेपूट तोडलं आणि वर्कहोलिक, शॉपहोलिक असे रोगी तयार केले. दिवसरात्र ऑफिसात बसणारा माणूस मुळात सुरम्याच्या आहारी गेलेला आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत १९७२ साली चोरटे शिरले, त्याचं प्रकरण राष्ट्राध्यक्षांवर शेकलं, आणि 'गेट' हा बिचारा दरवाजा जगभरच्या घोटाळ्यांचा प्रत्यय होऊन बसला. आपल्याकडे कोळशाच्या खाणी वाटल्या तर वर्तमानपत्रांना 'कोलगेट' आयताच मिळाला. दात घासता घासता मथळा सुचला असणार.

इंग्रजांनीच एवढं मोकळं रान दिल्यावर आपण कशाला मागे राहू? 'मेट्रो' ही मूळची ग्रीक आई. मेट्रोपोलिस म्हणजे मातृनगरी, तिच्यावरून लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे, पॅरिसची मेट्रोपॉलिटन, आणि मग शेवटचं सगळं गळून मेट्रो. मार्च २०२२ मध्ये ती पुण्यात वनाजहून गरवारे कॉलेजपर्यंत धावू लागली. आता पुणेकर दुपारच्या उन्हात फोनवर सांगतात, "रिक्षा नाही मिळाली, आईनं आलो."

रिक्षा का मिळत नाही याचंही उत्तर शब्दातच आहे. जपानी 'जिन-रिकी-शा' म्हणजे माणूस-बळ-गाडी. इंग्रजीत येता येता त्यातला माणूसच खाली पडला आणि रिक्शॉ उरली. पुढे मोटार बसवल्यावर तिला 'ऑटो' लागला. ऑटो हा ग्रीक, अर्थ स्वतः. ऑटोग्राफ, ऑटोबायोग्राफी यांतला. मुंबई-पुण्याच्या लोकांनी धातू पसंत केला, ते रिक्षा म्हणतात. नागपूरकरांनी उपसर्ग पसंत केला, ते ऑटो म्हणतात. माझं मत विचाराल तर अर्थाच्या दृष्टीनं पुण्यातच ऑटो म्हणायला हवं होतं. जी स्वतःला वाटेल तिथेच जाते, स्वतःला वाटेल तेव्हाच थांबते आणि कोथरूड म्हटल्यावर स्वतःशीच मान हलवते, तिला 'स्वतः'शिवाय दुसरं नाव शोभत नाही.

शाळेच्या फाटकाशी ऐका. "मुलगी कितवीला?" "सहावीला. सेमीला आहे." गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून अशी ही महाराष्ट्रातली व्यवस्था. 'सेमी' म्हणजे अर्ध. कशाचं अर्ध ते बोलायची पद्धत नाही, चाचणी परीक्षेचे पेपर घरी आले की कळतं. कॉलेजच्या कट्ट्यावर 'एक्स' भेटतो. "ती त्याची एक्स." लॅटिनमध्ये एक्स म्हणजे बाहेर. मित्र गेला, मैत्रीण गेली, दोघांचं जे काही होतं ते गेलं, 'बाहेर' तेवढं शिल्लक.

आता हे उपसर्ग निदान एका अर्थाशी इमानी राहिले असते तरी चाललं असतं. 'इन' लावला की 'नाही', असं आम्हाला शाळेत शिकवलं. इनकरेक्ट, इनडायरेक्ट, इनकम्प्लीट. मग मुंबई-पुणे रस्त्यावर समोरच्या टँकरच्या पाठीवर लाल अक्षरांत 'हायली इन्फ्लेमेबल' दिसतं. नियम लावला तर अर्थ होतो 'अजिबात पेट न घेणारा', आणि माणूस निर्धास्त होऊन काडी ओढू शकतो. इथला 'इन' नकाराचा नाही, तो 'आत' आणि 'जोरात' या घराण्यातला. अमेरिकेतल्या अग्निसंरक्षण संघटनेनं १९२० च्या दशकातच या शब्दाचा धसका घेतला आणि नुसतं 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. आता दोन्ही शब्द नांदतात, दोन्हींचा अर्थ एक, आणि दोन्ही टँकर पेटतात. हसायचं कारण नाही. आपला 'अजागळ' असाच आहे. अज्ञान, अपुरा, अशक्त यांच्या रांगेत तो बेमालूम उभा राहतो, पण त्यातला 'अ' नकाराचा नव्हेच. अजा म्हणजे शेळी, गळ म्हणजे गळा. शेळीच्या गळ्याशी लोंबणारे ते दोन निरुपयोगी स्तन. भाच्याला हे कळेपर्यंत तो कपाटात इस्त्रीचे कपडे लावून ठेवणाऱ्या बहिणीला 'जागळ' म्हणत होता.

काही शब्दांत तर मालक मेल्याचंही कुणी कळवलेलं नाही. 'रूथलेस' म्हणजे निर्दय हे ठीक, पण त्याला 'रूथ' असावी लागते ना? होती, दया याच अर्थाची होती. वारली. 'लेस' एकटाच अजून तिच्या अभावाची पाटी सांभाळतोय. 'डिसग्रंटल्ड' म्हणजे नाराज. मग खूश माणूस 'ग्रंटल्ड' का नाही, हा प्रश्न पी. जी. वुडहाउसला पडला आणि १९३८ च्या 'द कोड ऑफ द वूस्टर्स'मध्ये त्यानं तो शब्द वापरूनही टाकला. आता कोशात तो सापडतो. शब्दशास्त्रानं पाहिलं तर 'ग्रंटल' म्हणजेच कुरकुर आणि 'डिस' तिथे कुरकुर वाढवायला आलेला. म्हणजे ग्रंटल्ड माणूस खूश नाही, तो फक्त मध्यम आवाजात कुरकुरतो. आमच्या आळीत असे पुष्कळ आहेत.

लांबलचक शब्दांबद्दल मी फार बोलणार नाही. फुफ्फुसाच्या एका आजाराचा पंचेचाळीस अक्षरी शब्द वर्गात पाठ म्हणून दाखवणारा एक मुलगा प्रत्येक शाळेत असतो. तो शब्द १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांनी केवळ लांब व्हावा म्हणून बनवला. एकापुढे एक डबे जोडले, गाडी कुठे जात नव्हती.

आणि बेस्टच्या त्याच 'भ्यः'मध्ये रोज घडणारा एक चमत्कार. इंग्रजीत पूर्वी 'पीज' म्हणजे वाटाणा, एकवचन. शेवटचा 'ज' अनेकवचनाचा असणार अशा समजुतीनं लोकांनी तो कापला आणि 'पी' नावाचा, आधी अस्तित्वातच नसलेला वाटाणा जन्माला घातला. आपण उदार. आपण 'लेडीज' शब्दाचं काहीही कापलं नाही. कंडक्टर घंटेच्या दोरीला हात लावून ओरडतो, "थांबा हो, एक लेडीज उतरायचीय!" आणि ती लेडीज पिशवी सावरत उतरते. ती एकटी असून व्याकरणानं घोळका असते, आणि दारात उभ्या असलेल्यांना तसंच वाटतंही.

आपण इंग्रजीला नुसता उपद्रव दिला असं मात्र नाही. 'पोस्टपोन' म्हणजे नंतर ठेवणं. मग एखादी गोष्ट आधी आणायची असेल तर? साहेबाकडे त्याला धड एका शब्दाची सोय नव्हती. त्याच्या देशात पुढच्या तारखेची गोष्ट कुणी आदल्या तारखेला करत नसावं. आपल्याकडे मुहूर्त असतात, मंत्र्यांच्या तारखा असतात, आचारसंहिता असते. आपण 'पोस्ट' काढून तिथे 'प्री' बसवला आणि 'प्रीपोन' रूढ केला. उपसर्ग लॅटिन, धातू लॅटिन, जोड अगदी नियमाला धरून. तरी कित्येक वर्षं साहेब नाक मुरडत होता. शेवटी ऑक्सफर्डच्या कोशात शब्द गेला. याच हिमतीवर बँकांनी पुढे 'के.वाय.सी. अपडेशन' काढलं, पण त्या शब्दाबद्दल मी बँकेत काही बोलत नाही. आधीच आमची फाइल वरच्या टेबलावर आहे.

परवा भाच्याचा फोन आला. आवाज पडलेला. परीक्षेची तारीख अलीकडे आली होती. मी विचारलं, "मग नॉर्मन लुईसचं काय? अर्धं पुस्तक राहिलंय ना?"

"परीक्षा प्री झाली, मामा," तो म्हणाला. "अभ्यास पोस्ट."